टोपी घाल, मनकर्णा

गुरुवार, २ मे २०१९

"डोक्यात जे येईल ते हितं लिवा, मला सांगू नका. मी पन्नास वर्सं ऐकलंय. आता कागदाला ऐकू द्या," असं म्हणून माझ्या बायकोनं, भामाबाईनं, सकाळी ही डायरी माझ्या हातात दिली. दूध संस्थेनं जानेवारीत सभासदांना वाटली होती, तेव्हापासून ती डब्यांवर झाकणासारखी पडून होती. चौथीत माझी शाळा सुटली. त्यानंतर सही सोडून फारसं लिहिलेलं नाही, म्हणून अक्षर मोठं येतंय. पानं पुरतील का, ही पहिली काळजी.

दुसरी काळजी मोठी आहे. यंदा विहिरी फेब्रुवारीतच आटल्या. संस्थेनं गावाबाहेर चारा छावणी काढली आणि निम्मं गाव गुरांसोबत तिकडंच राहायला गेलं. मीही दिवसभर आमच्या दोन गाईंपाशी असतो. मोठी माणसं छावणीत, त्यामुळं पोरं मोकाट. म्हणून संस्थेनं आजपासून छावणीशेजारच्या मैदानावर उन्हाळी शिबीर चालू केलं. कवायत, लेझीम, मुलींचा खो-खो, आणि शेवटी शाळेची खिचडी. दुष्काळामुळं खिचडी सुट्टीतही चालू आहे. शिकवायला अंबाजोगाईहून राधाकिशन सर येतात. वय पंचविशीच्या आत, मिशी अजून विचारात पडलेली.

आमची मनकर्णा त्यात आहे. नात. नाव माझ्या आईचं ठेवलं, शाळेत त्या नावाची ही एकटीच, त्याचा तिला राग आहे. लेक आणि सून चाकणला कंपनीत, पोर आमच्या जबाबदारीवर. काही झालं तर त्यांना काय तोंड दाखवू?

शिबिराची वेळ काय, तर नऊ ते बारा. मे महिन्यात. मी दोनदा विचारून खात्री केली. नऊ ते बाराच.

शुक्रवार, ३ मे

सरांना बाजूला घेऊन म्हणालो, "सर, ऊन लई हाय."

"माहीत आहे आजोबा. खरं तर पोरांना साडेआठच्या पुढं उन्हात ठेवूच नये. आम्हाला कॉलेजात तेच शिकवलं. पण माझी पहिली बस इथं नऊला पोचते. मी काय उडत येऊ?"

उडत येऊ शकत नाही हे बरोबर आहे. पण म्हणून पोरांनी भाजावं का? हे सरांना विचारायचं राहिलं. घरी आल्यावर सुचलं.

शनिवार, ४ मे

मनकर्णाच्या फ्रॉकच्या खिशात कांदा ठेवला. खिशात कांदा असला की ऊन बाधत नाही, हे माझ्या आईचं सांगणं. छबुबाईंनाही सांगितलं. त्यांची म्हैस आमच्या गाईंच्या शेजारीच बांधलेली असते. त्यांनी त्यांच्या नातीच्या, पारूच्या, खिशात कैरी ठेवली.

संध्याकाळी मनकर्णा म्हणाली, "आबा, माझ्या खिशात कांदा, पारूच्या खिशात कैरी. आमी खो-खो खेळायलोत का भेळ करायलोत?"

कांदा तिनं खिचडीसोबत खाल्ला म्हणे. म्हणजे पोटात गेला. तसाही गुण येत असेल.

सोमवार, ६ मे

छावणीत आज तहसीलचा माणूस तपासणीला आला. प्रत्येक जनावरावर सावली आहे का, हे फिरून पाहिलं. एका कोपऱ्यात हिरवी जाळी फाटली होती, तर संस्थेच्या माणसांना केवढं बोलला! लगेच शिडी आणून जाळी शिवली. पलीकडं मैदानावर पोरं उघड्या डोक्यानं पळत होती. तिकडं त्याचं लक्ष गेलं नाही. त्याच्या कागदावर पोरं नव्हती.

छबुबाई म्हशीच्या पाठीवर हात फिरवत मोठ्यांदा म्हणाल्या, "ऱ्हा बाई सावलीत. तुझं अनुदान येतंय. पोरींचं कुठं येतंय?"

मी इकडं तिकडं पाहिलं. संस्थेचे चेअरमन ऐकत होते का, काय माहीत. आपण छबुबाईंच्या शेजारी उभे, उद्या माझंही नाव यायचं.

बुधवार, ८ मे

जे होणार होतं ते झालं. अकराच्या सुमाराला पारू खो देऊन खाली बसली ती उठेना. मग ओकली. डोकं दुखतंय म्हणाली, डोळ्यापुढं अंधारी. सरांनी तिला उचलून जाळीखाली म्हशींच्या रांगेत आणलं, मानेवर ओली फडकी ठेवली, गव्हाणीतल्या पुठ्ठ्यानं वारा घातला, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. छबुबाई तिचे तळवे चोळत होत्या आणि त्याच दमात सरांना शिव्या देत होत्या. घंटाभरात पारू उठून बसली आणि "खिचडी संपली का?" म्हणाली.

तोवर मी संस्थेच्या ऑफिसात पोचलो होतो. चेअरमन सुंदररावांना सगळं सांगितलं. पारू उठली हे मला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून जरा जास्त सांगितलं गेलं असेल.

ते म्हणाले, "आसाराम, मागल्या साली तुमी म्हणलाव, दुधाची थंड टाकी फुटून गाव उडंल."

"उडलं न्हाई, हे खरं हाय. पण उद्या एखादं लेकरू दगावलं तर पाटी संस्थेची हाय. पेपरात संस्थेचं नाव येईल."

पेपर म्हटल्यावर ते उठून बसले. तिथल्या तिथं शिबीर बंद केलं. मी परत येताना हलका झालो होतो. वाटलं, चला, पोरगी वाचली.

गुरुवार, ९ मे

मनकर्णा माझ्याशी बोलत नाही.

शुक्रवार, १० मे

अजून नाही. मला सांगायचं ते ती गाईला सांगते. "कपिले, आबाला म्हण, चहा झालाय." मी शेजारीच बसलेलो असतो.

भामाबाईकडून कळलं ते असं. पंचवीस तारखेला केजला गावोगावच्या मुलींचे खो-खोचे सामने आहेत. आमच्या गावचा मुलींचा संघ आजवर कधीच कुठं गेलेला नाही. सरांनी नाव नोंदवलं होतं आणि मनकर्णाला कर्णधार केलं होतं. शिबीर बंद म्हणजे सराव बंद, सराव नाही तर जाणं बंद.

"मला कावून सांगितलं न्हाई?" मी विचारलं.

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी केजच्या रस्त्याची काळजी सुरू केली असती," भामाबाई म्हणाली.

केजचा रस्ता खरंच वाईट आहे.

शनिवार, ११ मे

रात्रभर विचार केला. ऊन मी थांबवू शकत नाही आणि पोरीचा खेळ मी थांबवला. सकाळी पुन्हा सुंदररावांकडं गेलो. त्यांनी मला पाहताच कपाळाला हात लावला.

"आता काय फुटलं?"

"शिबीर चालू करा, चेअरमन."

"परवा तुमीच बंद कराय लावलं की बे!"

"सहाला चालू करून साडेआठला उन्हातला खेळ बंद. मग जाळीखाली बसून गोष्टी-गाणी. खिचडीवाल्या बायका लवकर खिचडी टाकतो म्हणल्यात. मी विचारून आलोय."

"आन् तुमचे सर सहाला कसे येणार? इमानात बसून?"

"माझ्या घरी ऱ्हातील."

हे भामाबाईला विचारलेलं नव्हतं. सुंदरराव म्हणाले, "बरं. पण एकही डोकं उघडं दिसता कामा न्हाई. टोप्या तुमच्या तुमी बगा, संस्थेकडं सध्या चाऱ्यापुरतंच हाय. आन् तुमी सोता मैदानावर बसायचं. काई झालं तर पाटीवर तुमचं नाव."

मी हो म्हणालो. इतक्या पोरांना टोप्या कुठून आणू?

रविवार, १२ मे

टोप्या घरातच होत्या.

लग्नाकार्यात आहेर म्हणून आलेले टॉवेल-टोपी आपल्याकडं कुणी वापरत नाही. पेटीत ठेवायचे आणि पुढच्या लग्नात पुढं सरकवायचे. भामाबाईची पेटी अशा टोप्यांनी गच्च भरलेली. त्या पेटीला हात लावायचा म्हणजे नागाच्या वारुळात हात घालणं. मी दुपारभर पेटीभोवती फिरलो.

शेवटी तीच म्हणाली, "बोला एकदाचं. घोरपडीगत फिरायलाव कावून?"

सांगितलं. सर राहायला येणार तेही त्यातच सांगून टाकलं. मनकर्णा दारात उभी होती, भामाबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि कनवटीची किल्ली काढली. "लग्नसराई ऐन भरात हाय. लोकाच्या लग्नात काय आता पाला देऊ आहेराला?" म्हणत एकेक टोपी माझ्या अंगावर फेकली.

तरी कमी पडल्या. मग छबुबाईंनी आपली पेटी उघडली, त्यांचं पाहून बाकीच्यांनी. छबुबाईंनी आमच्यातली एक टोपी उलटी करून पाहिली.

"ही तर आमी तुमच्या लेकाच्या लग्नात दिलती! काठाला निळा टाका हाय बगा. अजून नवीच?"

"वापरली असती तर नवी ऱ्हायली असती का?" भामाबाई म्हणाली.

सर अंबाजोगाईहून पिशवी घेऊन आले. टोपीला पुढं झडप नसते, कान आणि मान उघडी राहते, असं त्यांनी दाखवलं. मग टॉवेल आधी डोक्यावरून मानेवर सोडायचा आणि वर टोपी घट्ट बसवायची, असं ठरलं. आहेराचे टॉवेल पाणी पीत नाहीत, पाणी त्यांच्यावरून पळतं. दोनदा धुतल्यावर खळ गेली, मग प्यायला लागले.

मनकर्णा थेट माझ्याशी बोलली. म्हणाली, "आबा, मी हे घालून चेअरमन दिसायले."

सोमवार, १३ मे

शिबीर सहाला चालू झालं. मैदानावर सगळीकडं पांढऱ्या टोप्या. छावणीतल्या माणसांनी काम सोडून पाहिलं. कुणी म्हणालं, "ग्रामसभा भरली का?" कुणी म्हणालं, "भरली, पण ही ऐकायली!"

पोरांना तहान लागायच्या आधी पाणी पाजायचं, असं सर म्हणतात. ते काम माझ्याकडं. मी गाईच्या गळ्यातली घंटा वाजवतो. घंटा वाजली की पोरींच्या आधी छावणीतल्या गाई उठून टाकीकडं पाहतात.

मनकर्णाची तक्रार आहे की ऐन पाठलागाच्या वेळीच मी घंटा वाजवतो. पाठलाग कधी नसतो, हे तिनं सांगावं.

गुरुवार, १६ मे

सर अंगणात बाजेवर झोपतात. पहाटे चारला मी त्यांना उठवतो. ते म्हणतात, "आजोबा, शिबीर सहाला आहे." उशीर झाला म्हणजे? काल त्यांनी बाज गुपचूप घराच्या मागं नेली होती. मी कंदील घेऊन शोधली. बिचाऱ्यांना तिकडं वारा लागत असेल.

मनकर्णाच्या टोपीचं कौतुक वाटतं. बाकी पोरींच्या टोप्या घामानं पिवळ्या पडल्या, मातीनं माखल्या. हिची अजून पेटीतून काढल्यासारखी पांढरी. मी पाणी भरायला टाकीकडं जाऊन येतो तेव्हा तर हमखास नीट, सरळ बसवलेली असते. पोरगी फार निगुतीनं वापरते.

रविवार, १९ मे

गावात वाण्याच्या दुकानाशेजारच्या घरी लग्न होतं. मानपानाची वेळ आली आणि टोप्या नाहीत! गावातल्या सगळ्या पेट्या आपल्या पोरांनी रिकाम्या केलेल्या. नवरीचे वडील, बबनराव, घामाघूम होऊन आमच्याकडं आले. भामाबाईनं पोरांच्या टोप्या गोळा केल्या, धुतल्या, तांब्यात निखारे घालून इस्त्री केल्या. व्याह्यांच्या मंडळींना त्या घालून मान झाला. जेवणं झाल्यावर मी मांडवाच्या दारात उभा राहिलो आणि एकेकाकडून परत मागितल्या.

एक पाहुणा रागावला. "दिलेला मान परत घेतेत का कुठं?"

म्हणालो, "उद्या सहाला पोरींची कवायत हाय."

त्यानं दिली. बाकीच्यांनी हसत दिल्या. बबनराव म्हणाले, पुढच्या लग्नाच्या पत्रिकेत 'आहेर आणू नये' असंच छापतो, कटकट गेली. एक टोपी मात्र परत आली नाही. ती कुणाच्या डोक्यावर गेली, याचा अजून विचार करतोय.

बुधवार, २२ मे

त्रेचाळीस अंश, सरांच्या मोबाइलवर. तो बरोबर दाखवतो का?

शुक्रवार, २४ मे

उद्या केज. संस्थेचा दुधाचा टेंपो आम्हाला नेणार. बरोबर सर, मी आणि बाईमाणूस म्हणून छबुबाई. सामने सकाळी आठला, दहाच्या आत संपतील असं पत्रकात आहे. उद्यापासूनच रोहिणी नक्षत्र लागतंय. सगळ्यांत वाईट ऊन. पत्रक छापणाऱ्याला पंचांग मिळालं नाही का?

मनकर्णानं हात धरून सांगितलं, "आबा, उद्या कुणाला काई बोलू नका. कुणाकडं तक्रार न्हाई, काई न्हाई. गपचिप पाणी पाजा. एवढं ऐका माझं."

वचन दिलं.

रविवार, २६ मे

काल लिहायला जमलं नाही. आज सगळं लिहितो.

सातला केजच्या मैदानावर पोचलो. अकरा गावांचे संघ. मंडप फक्त स्टेजवर आणि समोरच्या पाहुण्यांच्या खुर्च्यांवर. सोफे, पंखे, सगळं तिथं, आणि तिथं कुणी नाही. मुली मैदानात, ओळीत. उद्घाटनाचे पाहुणे आल्याशिवाय सामने चालू करायचे नाहीत आणि पाहुणे आल्याबरोबर संचलन करायचं, म्हणून ओळ मोडायची नाही, असं माइकवाला सारखं सांगत होता. आठ वाजले. नऊ वाजले. "पाहुणे रस्त्यात आहेत." रस्ता वाईट आहे, हे मी कधीचं म्हणतोय. दहा वाजले. ऊन टाचेपासून डोक्यापर्यंत चढलं. मी ओळीतून पाणी पाजत फिरत होतो. आमच्यांना पाजलं, मग शेजारच्या गावाच्या मुलीही तोंड पुढं करायला लागल्या. त्यांच्या डोक्यावर काही नव्हतं.

साडेदहाच्या पुढं पारू म्हणाली, "आबा, मला तसंच व्हायलंय."

आता सांगू कुणाला? गेल्या वेळी चेअरमनकडं धावलो तर खेळ बंद पडला. इथं तर ज्याला सांगायचं तोच माइकवर. आणि मी वचन दिलेलं. मग काही बोललोच नाही. पारूचा हात धरला, मंडपात नेलं आणि पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसवलं. पंखा तिच्याकडं वळवला. मागं पाहिलं तर आमच्या सगळ्या मुली एकामागून एक आल्या आणि सोफ्यावर बसल्या. टोप्या घालून. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पाहुणे आले.

एकटी मनकर्णा ओळीत उभी राहिली.

मी परत गेलो. "चल, पोरी."

"कुणीतरी उभं ऱ्हायला पायजे आबा. न्हाई तर बाद करतेल आपल्याला. तुमी जा."

मी तिला सोडून कसा जाणार? तिच्या शेजारी उभा राहिलो. माझी सावली तिच्यावर पडेल असा सरकून पाहिलं, पण त्या वेळी सावली पायाशी गोळा झालेली. माझा टॉवेल पारूच्या मानेवर होता, टोपी त्या दुसऱ्या गावच्या एका बारक्या मुलीला दिली होती. किती वेळ उभे होतो कळलं नाही. मध्येच स्टेज जरा लांब गेल्यासारखं, आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटला. ते वयामुळं होतं. पाय वाळूत असल्यासारखे वाटत होते, पण माती तशी भुसभुशीतच होती.

मनकर्णानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग एकदम म्हणाली, "आबा, मला चक्कर यायले. मला सावलीत न्या."

बघा! शेवटी पोरीला ऊन लागलंच. मी लगेच तिचा हात धरला. तिनं माझी कंबर धरली होती, इतकी ती गळून गेली असावी. मंडपात नेलं. तिनं मला सोफ्यावर बसवलं, माझ्या डोक्यावर ओला टॉवेल टाकला, सरांनी मीठ-साखरेचं पाणी दिलं. मी म्हणत होतो, "आधी तिला द्या, तिला." ते म्हणाले, "तिला दिलंय आजोबा, तुम्ही प्या." तीन पेले पाजले. माणसं घाबरली की असं उलटंसुलटं करतात.

तेवढ्यात माइकवर आमच्या गावाचं नाव. ओळ मोडली म्हणून संघ बाद.

मनकर्णा माझ्या डोक्यावरचा टॉवेल नीट करत राहिली. दुसऱ्यांदा मीच तिचा खेळ घालवला.

पण छबुबाई उठल्या. पदर खोचला आणि स्टेजच्या पायरीपाशी गेल्या. "ओ माइकवाले दादा! आमच्या पोरी उठतेल की. पण त्यांच्या जाग्यावर तुमी उभं ऱ्हावा. पाहुणा येईस्तोवर. टोपी न घालता."

"मावशी, नियम आहेत."

"आमच्या छावणीत म्हशीला उन्हात बांधलं तर साहेब छावणी बंद करतेत. तुमचा नियम म्हशीपरीस खालचा हाय का?"

माइक चालूच होता. सगळ्या मैदानानं ऐकलं. आधी हशा झाला. मग ज्या बारक्या मुलीला मी टोपी दिली होती ती ओळ सोडून मंडपाकडं चालायला लागली, तिच्यामागं तिचा संघ, मग दुसरा, मग सगळेच. मैदानावर चुन्याच्या रेघा तेवढ्या राहिल्या. अकराच्या अकरा संघ बाद केले तर सामने खेळायचे कुणी? माइकवाल्यानं खाकरून जाहीर केलं की सामने संध्याकाळी पाचला होतील आणि मुलींनी मंडपातच बसावं. आधीपासून तेच ठरलेलं असल्यासारखं बोलला.

पाहुणे एकला आले. त्यांना बसायला मागून प्लास्टिकची खुर्ची आणावी लागली.

आमचा सामना सव्वापाचला लागला. आता मी खेळातलं काय सांगू? मला फार कळत नाही. पण मनकर्णा धावते तेव्हा वाऱ्यात पाचोळा उडावा तशी दिसते, हे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. एरवी माझं लक्ष पाण्यावर असतं. शेवटची पाळी, दोन्हीकडं गुण सारखे, आमच्याकडून एकटी मनकर्णा आत उरलेली. सर घड्याळाकडं बघत नखं खात होते. तिनं खांबाला हात टेकवून असा हिसका दिला की मागची मुलगी आपटली. त्या हिसक्यात तिची टोपी उडाली. ऊन अजून होतं, तिरपं, थेट तोंडावर.

मी ओरडलो, "मनकर्णा, टोपी! टोपी घाल!"

ती थबकली. मान वळवली. तेवढ्यात उठलेल्या त्या पाठलागावरच्या मुलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि शिट्टी झाली.

एका गुणानं हरलो.

टेंपोत कुणी बोलेना. मला वाटलं, ऊन लागल्यामुळं पोरी सुस्तावल्या. गाव जवळ आल्यावर मनकर्णा माझ्याशेजारी सरकली. "आबा, आता बरं वाटतंय का?"

"मला काय झालंय? चक्कर तर तुला आलती."

टेंपोत आधी छबुबाई हसल्या, मग सर, मग सगळ्या पोरी. मनकर्णा तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसली. हरून आल्यावर एवढं हसायचं काय असतं? पण तोंडं कोमेजलेली नव्हती, अंग कुणाचं तापलेलं नव्हतं. मी प्रत्येकीच्या कपाळाला हात लावून पाहिलं.

गुरुवार, ३० मे

शिबीर संपलं. सर अंबाजोगाईला गेले. जाताना भामाबाईनं त्यांना टॉवेल-टोपी देऊन मान केला. त्यांनी लगेच डोक्यावर घातली, म्हणून ती खूश.

पोरींनी सराव बंद केलेला नाही. पुढच्या वर्षी परत केजला जायचं म्हणतात. रोज सहाला आपल्या आपण मैदानावर जमतात, सांगावं लागत नाही. आजपासून त्यांनी माझी जागा बदलली. पूर्वी मी मैदानाच्या कडेला घंटा घेऊन बसायचो. आता पार पलीकडं, बांधावरच्या लिंबाखाली बाज टाकून दिलीय. मनकर्णानं स्वतः उचलून नेली. म्हणाली, "आबा, तुमाला ऊन लागू नये म्हणून. हितनं हलायचं न्हाई."

तिथून पोरी मुंग्यांएवढ्या दिसतात. कुणाच्या डोक्यावर टोपी आहे आणि कुणाच्या नाही, ते काही समजत नाही. आज दोनदा हाक मारून पाहिली, पण आवाज पोचला नाही. सावली मात्र दाट आहे. पोरींना म्हाताऱ्या माणसाची एवढी काळजी, तर त्यांचं मन कशाला मोडायचं? बसतो गुमान.